कुलगुरू महोदय, पहिलं सत्र आपण अंगावर घ्या

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांचे माननीय कुलगुरू



प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की बहुतेक महाविद्यालयांत एक बैठक ठरलेली असते. विषयवार उत्तीर्णांची टक्केवारी पडद्यावर येते, गणित, मेकॅनिक्स आणि ग्राफिक्सच्या आकड्यांपाशी सगळे थांबतात, थोडी चर्चा होते आणि इतिवृत्तात एक वाक्य जातं : विद्यार्थ्यांचा पाया कच्चा आहे, जादा तास घ्यावेत. पुढच्या वर्षी पुन्हा तीच बैठक आणि तेच वाक्य.

मी अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाला गणित शिकवते. माझी नोकरी बहुतांशी एफईच्या वर्गांवरच झाली. वर्गात जे करण्यासारखं असतं ते मी आणि माझे सहकारी करत असतो. पण सत्राचं वेळापत्रक, परीक्षेची पद्धत, श्रेयांकांची मांडणी आणि शिक्षकाच्या कामाचा भार कसा मोजायचा, हे बरंचसं आपल्या विद्या परिषदांत ठरतं. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. बारावीतून पदवीला येणं हा एक मोठा टप्पा आहे आणि तो मुलांना पार करून देणं हे विद्यापीठाचं काम आहे. आज ते काम कोणाच्याच नावावर नाही. शाळा म्हणते, आमचं संपलं. क्लास म्हणतो, आम्ही सीईटीपुरते. महाविद्यालय म्हणतं, आमचा अभ्यासक्रम पदवीचा, बारावीचं आम्ही का शिकवायचं? या सगळ्यांच्या मधल्या जागेत अठरा वर्षांचं पोर एकटं उभं असतं, आणि पडलं तर दोष त्याच्या पायाला.

पहिली गोष्ट तयारीची. आधी ही मुलं काय कमावून येतात ते पाहू. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. दोन वर्षं पहाटेपासून रात्रीपर्यंत मुलं हेच घोटतात : चार पर्यायांतले दोन झटक्यात बाद करायचे, उरलेल्या दोहोंत किंमत घालून पाहायची, जुळलं की पुढे. यालाही बुद्धी लागते, मेहनत तर लागतेच. पण विद्यापीठाची सत्रान्त परीक्षा यातलं काहीही विचारत नाही. तिला मांडणी हवी असते, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर का गेलो याचं कारण हवं असतं. हा बदल झाला आहे, हे मुलांना कोणी बसवून सांगत नाही.

एका उत्तरपत्रिकेचं उदाहरण देते. समघाती फलनांवरच्या ऑयलरच्या प्रमेयाचा सहा गुणांचा प्रश्न होता. अशा प्रश्नात उत्तर छापलेलंच असतं. अमुक राशीची किंमत तमुक येते हे सिद्ध करून दाखवायचं असतं. या मुलाने पहिल्या ओळीत फलन उतरवलं आणि शेवटच्या ओळीत प्रश्नातलंच उत्तर लिहून त्याभोवती व्यवस्थित चौकोन काढला. मधली जागा मोकळी. समासात पेन्सिलने बारीक अक्षरांत आकडेमोड केलेली होती आणि ती बरोबर होती. फलनाचा घात त्याने अचूक ओळखला होता, प्रमेयही योग्य जागी वापरलं होतं. पण त्या सगळ्यावर त्याने स्वतःच आडवी रेघ मारली होती. सहापैकी एक गुण मिळाला. बोलावून विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, रफ वर्क खोडायचं असतं ना?’

या मुलाचा पाया कच्चा नव्हता. त्याला गणित येत होतं. आपल्याकडून काय मागितलं जातंय, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते त्याला सत्रान्त परीक्षेआधी एकदा जरी कळलं असतं तरी तो पास झाला असता. नंतर तो झालाही. पण एक केटी लागल्यानंतर, म्हणजे विषय मागे राहून पुन्हा परीक्षा दिल्यावर.

अकरावी-बारावीची दोन वर्षं कुठे जातात हेही आपल्याला माहीत आहे. नाव कनिष्ठ महाविद्यालयात आणि शिकणं क्लासमध्ये, ही ‘इंटिग्रेटेड’ पद्धत मोठ्या शहरांत रुळली आणि मग तालुक्यांपर्यंत पोहोचली. २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तरी ती थांबली नाही. त्यामुळे कितीतरी मुलांच्या प्रयोगवह्या पूर्ण असतात, पण हाताने व्हर्निअर कॅलिपर धरलेलं नसतं. घरी पाठ्यपुस्तक उघडून, एक प्रकरण सलग वाचून, न समजलेलं बाजूला लिहून ठेवायची सवय लागलेली नसते. क्लासच्या नोट्स आणि प्रश्नसंच एवढंच वाचन. पदवीला आल्यावर आम्ही त्यांच्यासमोर संदर्भग्रंथांची यादी ठेवतो. मुलं निमूटपणे यादी उतरवून घेतात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाजारात मिळणाऱ्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिका विकत घेतात. याला आळस म्हणून मोकळं होता येणार नाही. पुस्तकातून शिकायचं कसं, हे त्यांना शिकवलेलंच नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. महाराष्ट्रातली असंख्य मुलं दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून शिकतात. अकरावी विज्ञानाला पुस्तकं इंग्रजी होतात, पण समजावून सांगणं मराठीतच चालतं आणि परीक्षेची सगळी तयारी पर्यायांच्या गोळ्यांपुरती. इंग्रजीत सलग चार वाक्यं लिहायची वेळ फारशी येतच नाही. त्यामुळे भाषेची उणीव दोन वर्षं झाकली जाते आणि पदवीच्या पहिल्या सत्रात एकदम उघडी पडते. जर्नल इंग्रजीत, ओरल इंग्रजीत, प्रयोगाचा निष्कर्ष इंग्रजीत, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोरचं बोलणंही इंग्रजीत.

मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेल्या मुलीची वही मी एकदा चाळली होती. सूत्रं आणि चिन्हं इतकी स्वच्छ, की छपाईला द्यावीत. पण सूत्रांच्या मधला मजकूर तिने देवनागरीत लिहिलेला : ‘पार्शल डेरिव्हेटिव्ह विथ रिस्पेक्ट टू एक्स, वाय कॉन्स्टंट’. स्पेलिंग आठवेपर्यंत फळ्यावरची ओळ पुढे जायची, म्हणून कानावर पडेल तसं ती टिपून घेत होती. जिथे शिकवण्याचा वेग वाढला होता तिथे अर्ध्या ओळी सुटलेल्या. वर्गात तिने कधी हात वर केला नव्हता. शेजारची मुलं इंग्रजीत भराभर उत्तरं देतात, म्हणजे आपण सोडून सगळ्यांना सगळं येतं, अशी तिची खात्री झाली होती. तिला गणितातली शंका विचारायची होती. ती विचारण्यासाठी आधी इंग्रजी वाक्य जुळवावं लागेल या धास्तीने ती गप्प होती. अशा वह्या प्रत्येक वर्गात सापडतील. त्या बघायला कोणाला वेळ नसतो.

या बाबतीत आपल्या हाती काहीच नाही असंही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये देशातल्या सगळ्या विद्यापीठांना कळवलं होतं, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहिण्याची मुभा द्यावी. ते पत्र आपल्याच कार्यालयांना आलेलं आहे. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने पदविका अभ्यासक्रमांत मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय दिला आहे. पुण्यात २०२१ पासून मराठीतून संगणक अभियांत्रिकीची पदवी शिकवली जाते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रथम वर्षाची पाठ्यपुस्तकं मराठीत आणली आहेत आणि ती इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. मुंबई आयआयटीत ‘उडान’ हा प्रकल्प तांत्रिक पुस्तकांच्या भाषांतराचंच काम करतो. सामग्री तयार आहे. पहिल्या दिवशी ती मुलांच्या हातात देऊन ‘इंग्रजी पुस्तकाशेजारी हे ठेवा, दोन्ही वाचा, महिन्याभरात तुम्हाला मराठीची गरज कमी वाटू लागेल’ असं सांगणारी यंत्रणा मात्र नाही. शेवटी मुलांना इंग्रजीतून काम करावं लागणार आहे, याबद्दल माझं दुमत नाही. पण त्या भाषेत पोहोचायला त्यांना वेळ द्या आणि आधार द्या, एवढंच मागणं आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या लांबतात. पहिल्या फेरीत आलेली मुलं वर्गात बसू लागतात, शेवटच्या फेरीतली आणि संस्थास्तरावरच्या जागांवरची मुलं काही आठवड्यांनी येतात. तोवर मॅट्रिसेसचं प्रकरण संपलेलं असतं, ग्राफिक्सच्या दोन शीट झालेल्या असतात. उशिरा येणारी मुलं बहुधा कोण असतात? गुण थोडे कमी पडले म्हणून वाट पाहत बसलेली, पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबलेली, कागदपत्रांसाठी अडकलेली. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त वेळ हवा त्यांच्याच वाट्याला सर्वांत कमी वेळ येतो.

आल्यावर तरी ती वर्गात असतात का? शहरात कॉट बेसिसवर जागा शोधायची, मेस ठरवायची. शासकीय वसतिगृहाची यादी महाविद्यालय सुरू झाल्यावर लागते. स्वाधार योजना असो की डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अर्जासोबत दाखले लागतात. नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, यांसाठी सोमवारी गावी जाऊन तहसील गाठायचं आणि बुधवारी परत यायचं. इकडे ७५ टक्के हजेरीची अट असते आणि महिनाअखेरीला फलकावर डिफॉल्टर लिस्ट लागते. शासनाच्याच कामासाठी गैरहजर राहिलेल्या मुलाचं नाव त्या यादीत पहिलं असतं.

मुलांची महाविद्यालयाशी ओळख करून देण्यासाठी योजना आहेत. तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीसाठी तीन आठवड्यांचा प्रेरण कार्यक्रम ठरवून दिला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने सर्व शाखांसाठी मार्गदर्शिका दिली. तंत्रशिक्षण परिषदेच्या आराखड्यात तर भाषेसारख्या उणिवा भरून काढण्यासाठी स्वतंत्र तास सांगितलेले आहेत. ज्यांनी हे लिहिलं त्यांना दुखणं नेमकं कळलं होतं. पण प्रवेश लांबलेले, सत्राचे दिवस मोजके, त्यामुळे मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी तीन आठवड्यांचा कार्यक्रम चार-पाच दिवसांत उरकतो. संस्थाचालकांचं भाषण, रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र, प्लेसमेंटचं सादरीकरण, एखादं प्रेरणादायी व्याख्यान. उणिवा भरून काढण्याचे तास सर्वांत आधी कापले जातात.

चौथी गोष्ट आम्हा शिक्षकांची. प्रथम वर्षाला कोण शिकवतं ते आपण एकदा तपासा. राज्यात प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिक्त आहेत आणि तो भार तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाहतात. त्यातला मोठा वाटा प्रथम वर्षाकडे येतो. या शिक्षकांत अतिशय तळमळीने शिकवणारी माणसं मी पाहिली आहेत. पण ज्याला तासाचे पैसे मिळतात आणि तास संपला की दुसऱ्या महाविद्यालयाची बस गाठावी लागते, त्याने मुलांच्या वह्या कधी बघायच्या? पुण्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत साधारण वीस मुलांमागे एक ‘जीएफएम’, म्हणजे पालक शिक्षक असतो. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात जीएफएमचा बहुतेक वेळ हजेरीचे तक्ते भरण्यात आणि पालकांना फोन करण्यात जातो, कारण मुलाशेजारी अर्धा तास बसण्याचं काम त्याच्या कार्यभारात धरलेलंच नाही.

आता या सगळ्याची किंमत काय पडते ते सांगते. पहिल्या सत्राचा निकाल हाती येतो तेव्हा दुसरं सत्र बरंच पुढे गेलेलं असतं. आपण कसा अभ्यास करतो आणि तो पुरतो की नाही, हे मुलाला पहिल्यांदा कळतं ते एवढ्या उशिरा. पहिल्या गणिताची केटी घेऊन तो दुसऱ्या गणिताला बसतो, आणि दुसरं गणित पहिल्यावरच उभं असतं. पुढच्या वर्षी तिसरं गणित, म्हणजे एम-थ्री, वाट पाहत असतं. श्रेयांक पुरे पडले नाहीत तर वायडी, म्हणजे वर्ष वाया. सगळं कसंबसं काढलं तरी चौथ्या वर्षी अनेक कंपन्यांची अट असते, की एकही बॅकलॉग शिल्लक नको. मधल्या काळात दर सत्राला जुन्या विषयाचा परीक्षा शुल्काचा वेगळा भरणा, छायाप्रतीचा अर्ज, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. घरी काय सांगायचं याचं ओझं वेगळंच. घराण्यात पहिल्यांदाच कोणी ‘इंजिनिअरिंगला’ गेलेलं असतं. एटीकेटी म्हणजे काय हे समजणारं घरात कोणी नसतं. आईवडिलांना इतकंच कळतं, की आपला हुशार पोरगा नापास झाला.

या ओझ्याखाली काही मुलं खचतात. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याची सूचना दिली. ती तातडीने अमलात यायला हवी. मात्र समुपदेशक नेमला म्हणजे महाविद्यालयाचं काम संपलं, असं समजू नये. मेकॅनिक्स समजत नाही म्हणून ज्याची झोप उडाली आहे, त्याच्याशी कोणीतरी मायेने बोललं पाहिजे, आणि त्याच आठवड्यात कोणीतरी त्याला मेकॅनिक्स समजावूनही दिलं पाहिजे. दुसरी गोष्ट झाली नाही तर पहिलीचा उपयोग चार दिवसांचा.

मी अभियांत्रिकीचं लिहिते आहे, कारण ते मी रोज पाहते. कला, वाणिज्य आणि विज्ञानातल्या सहकाऱ्यांशी बोलते तेव्हा दुखणं तेच असतं, रूप वेगळं. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवीन शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली. मुख्य विषय, गौण विषय, खुला पर्याय, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली अशा टोपल्यांतून मुलांनी निवड करायची. निवडीचं स्वातंत्र्य चांगलं आहे. पण ही निवड प्रवेशाच्या खिडकीसमोर, मागे रांग उभी असताना होते, आणि गौण विषयाचा पुढे काय उपयोग हे सांगणारं तिथे कोणी नसतं. मित्राने घेतला तो विषय घेतला जातो. दुसऱ्या सत्रात मुलाला कळतं, की आपल्याला हवी ती वाट आपणच बंद करून बसलो.

यावर एक आक्षेप येईल, तो मी अनेक बैठकांत ऐकला आहे. विद्यापीठ म्हणजे शाळा नव्हे. मुलं सज्ञान आहेत, त्यांनी आपलं आपण शिकावं. इतकं सांभाळून घेतलं तर दर्जा घसरेल. स्वतःच्या बळावर शिकणारा विद्यार्थी घडवणं हेच पदवीचं उद्दिष्ट असावं, हे मलाही मान्य आहे. पण ते उद्दिष्ट चार वर्षांच्या शेवटी गाठायचं आहे. पहिल्याच महिन्यात ते गृहीत धरलं, तर ज्यांच्या घरात आधीच पदवीधर आहेत त्यांना ते सोपं जातं आणि बाकीचे गळतात. याने दर्जा वाढत नाही, मुलं मात्र कमी होतात. दर्जाची काळजी असेल तर परीक्षा सोपी करू नका. परीक्षेपर्यंत पोहोचायची तयारी करून घ्या. माझी एकही मागणी गुण वाढवून देण्याची नाही.

मुलांना अशी सोबत देणं महाराष्ट्राला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी खेड्यातल्या मुलांसाठी शाळा आणि महाविद्यालयं काढली तेव्हा सोबत वसतिगृहं उभारली, श्रम करून शिकण्याची सोय केली, कारण नुसता प्रवेश पुरत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. आपली ‘कमवा आणि शिका’ योजना त्याच विचारातून आलेली आहे. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. ग्रामीण भागातून आलेल्या मुलांना तिने राहण्याजेवणाबरोबर मार्गदर्शन आणि संस्कार दिले. मुंबई आयआयटीत वरच्या वर्गातले विद्यार्थी नव्याने आलेल्यांचे मार्गदर्शक म्हणून नेमले जातात. देशातली सर्वांत अवघड प्रवेश परीक्षा देऊन आलेल्या मुलांनाही सोबतीची गरज असते, असं तिथे मानलं जातं. मग आपल्या संलग्न महाविद्यालयांतल्या मुलांना ती नको, असं कसं म्हणता येईल?

मुलींचं उदाहरण घ्या. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. फी हे कारण सांगून जिचं शिक्षण थांबवलं जायचं, त्या मुलीसाठी दार उघडलं. ती आता आपल्या वर्गात येऊन बसते आहे. पहिल्याच सत्रात तिला दोन विषयांत केटी लागली, तर ‘बघ, झेपणार नाही म्हणत होतो’ असं म्हणून तिला परत बोलावणारे घरी तयार आहेत. तिची फी शासनाने भरली. तिचं पहिलं सत्र आपल्याला सांभाळायचं आहे.

म्हणून आपल्याकडे या सहा मागण्या मांडते.

एक. पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याची गुण न देणारी एक चाचणी घ्यावी : बारावीचं गणित, मांडणी करून लिहिणं, इंग्रजी परिच्छेद वाचून समजणं. तिच्यावरून ज्याला जे कमी पडतं त्याचे तास पहिले सहा आठवडे नियमित वेळापत्रकात असावेत. संध्याकाळी पाचनंतर नकोत. शेवटची एसटी गाठायची असलेली मुलं तेव्हा थांबू शकत नाहीत.

दोन. उशिरा प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तुकडी किंवा भरपाईचे तास सक्तीचे करावेत. प्रवेशानंतर ठरावीक आठवडे गेल्याशिवाय त्यांच्यावर अंतर्गत परीक्षा लादू नये. दाखले आणि शिष्यवृत्तीच्या कामासाठीची अनुपस्थिती हजेरीत धरावी, आणि शक्य तिथे तहसील व समाजकल्याण कार्यालयाचे शिबिर महाविद्यालयातच भरवावे.

तीन. प्रथम वर्षाच्या प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असाव्यात. पहिल्या वर्षी उत्तरातलं स्पष्टीकरण मराठीत किंवा मिश्र भाषेत लिहिण्याची मुभा असावी. विषयवार द्विभाषिक शब्दसूची प्रत्येकाच्या हाती पहिल्या दिवशी पडावी.

चार. पाचव्या आठवड्याच्या आत प्रत्येक विषयाची एक लेखी चाचणी व्हावी आणि तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला परत मिळावी, समोर बसवून, कुठे काय राहिलं हे दाखवून. समासातलं काम उत्तरात आणायचं असतं, एवढं कळलं तरी कितीतरी मुलं वाचतील.

पाच. पालक शिक्षकाचं काम कार्यभारात मोजावं, आणि प्रथम वर्षाच्या प्रत्येक विषयाला किमान एक अनुभवी पूर्णवेळ प्राध्यापक असलाच पाहिजे असा नियम करावा. वरच्या वर्गातल्या, स्वतः मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शक म्हणून नेमावं आणि त्या कामाचे त्यांना श्रेयांक द्यावेत.

सहा. पहिल्या सत्राचा निकाल शाळेचं माध्यम, प्रवेशाची फेरी आणि ग्रामीण-शहरी अशा वर्गवारीने दरवर्षी विद्या परिषदेसमोर ठेवावा. कोण गळतंय हे जोवर कागदावर येत नाही, तोवर ‘पाया कच्चा’ या दोन शब्दांवर आपण सगळे निभावून नेत राहू.

यातल्या बहुतेक मागण्यांना नवीन इमारत लागत नाही की नवीन कायदा. काहींना पैसे लागतील, हे मला ठाऊक आहे. पण केटीच्या चक्रात अडकलेल्या मुलांची वाया गेलेली वर्षं, त्यांच्या घरांनी काढलेली कर्जं आणि रिकाम्या राहिलेल्या वरच्या वर्गांतल्या जागा यांचा हिशेब मांडला, तर हा खर्च जड वाटणार नाही.

जून उजाडण्याआधी आपल्या विद्या परिषदेची एक बैठक फक्त प्रथम वर्षासाठी बोलवा. तिथे प्रथम वर्षाला शिकवणारे शिक्षक बोलवा, तासिका तत्त्वावरचेही. पहिल्या सत्रात नापास होऊन पुढे पदवी पूर्ण केलेले काही विद्यार्थी बोलवा आणि त्यांना विचारा, की तेव्हा नेमकं काय मिळालं असतं तर तुम्ही अडला नसता. त्यांची उत्तरं साधी असतील आणि अमलात आणण्याजोगी असतील. या वर्षी निदान दोन मागण्या तरी मान्य करा. आम्ही शिक्षक आमच्या बाजूने कमी पडणार नाही.

आपली नम्र,
प्रथम वर्षाला गणित शिकवणारी एक प्राध्यापिका